मस्टरवर नाव, हातात पोच

साखर कारखान्याच्या काट्यावर उसाची गाडी चढली की वजनाची पावती निघते. तिच्यावर शेतकऱ्याचं नाव असतं, गाव असतं, उसाची जात असते, गाडीचा नंबर असतो, भरलेलं वजन आणि रिकामं वजन किलोपर्यंत असतं. तो ऊस ज्यांनी भल्या पहाटे फडात उतरून तोडला, मोळ्या बांधल्या आणि डोक्यावरून गाडीत भरला, त्या नवरा-बायकोचं नाव मात्र मी पाहिलेल्या एकाही पावतीवर नव्हतं. हिशेबात ते दोघं मिळून ‘एक कोयता’.

24 मार्च 2020 च्या रात्री कोरोनाच्या साथीमुळे देश बंद झाला, तेव्हा कृष्णाकाठचा गळीत हंगाम शेवटाकडे आला होता. काही कारखान्यांचा पट्टा पडला होता, म्हणजे गाळप संपलं होतं, काहींचा पडायचा होता. बीड, नगर, जालन्याकडून आलेल्या टोळ्या कारखान्याच्या तळावर, नाहीतर फडाच्या कडेला कोप्या घालून राहिलेल्या. जिल्ह्यांच्या हद्दी बंद झाल्या. किराणा संपला, हातची उचल, म्हणजे मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, केव्हाच संपलेली आणि गावातल्या दुकानापर्यंत जायचं तर वेशीवर काटेरी फांद्या आडव्या टाकलेल्या. 17 एप्रिलला राज्य सरकारनं या लोकांना गावी जायची परवानगी दिली. 38 कारखान्यांच्या परिसरात सव्वा लाखाहून जास्त मजूर अडकलेत, हे त्या वेळी सरकारी कागदावर आलं. म्हणजे मोजायचं ठरवल्यावर मोजता येत होतं. पण मोजायला तीन आठवडे गेले, आणि तेही टोळ्या लेकराबाळांसह पायी निघायला लागल्यावर, ऊसतोड संघटनांनी आवाज उठवल्यावर.

या लोकांसाठी कायदा नव्हता का? स्थलांतरित मजुरांसाठी 1979 चा कायदा होता. पण तो ‘आंतरराज्य’. कर्नाटकातल्या अथणीहून मिरजेला ठेकेदारामार्फत आलेला मजूर त्यात बसायचा, कारण मध्ये राज्याची सीमा लागते. बीडहून तीनेकशे किलोमीटर येऊन सहा महिने पालात राहणारा बसत नव्हता, कारण तो ‘आपल्याच राज्यात’ असतो. 2020 च्या सप्टेंबरमध्ये, महामारी ऐन भरात असताना, संसदेनं कामगार संहिता मंजूर केल्या. त्यांतही स्थलांतरित मजुराची व्याख्या एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणारा अशीच राहिली. देशभर मजुरांचे तांडे रस्त्यावर पाहिल्यानंतर केलेल्या कायद्यात इतकं ढळढळीत भोक राहतं, याचा मला अजून राग येतो.

या सगळ्यातून माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली आहे. महामारीत सरकारला, कारखान्याला, दवाखान्याला जाब विचारता आला तो ज्यांच्या हाती काही लेखी होतं त्यांनाच. ज्यांचं नाव कुठल्या तरी वहीत होतं, ज्यांनी दिलेल्या अर्जाची पोच त्यांच्याकडे होती, त्यांचं म्हणणं निदान फेटाळावं तरी लागलं. बाकीच्यांचं ऐकूनच घेतलं गेलं नाही. म्हणून कामगारांच्या बाजूनं उभं राहणाऱ्या आपल्या सगळ्यांचं पहिलं काम नाव लिहून घेणं आणि पोच घेणं हे आहे, आणि ते पुढची साथ यायच्या आत करायचं आहे.

हे फार कारकुनी वाटेल, मला कल्पना आहे. चळवळ म्हटलं की झेंडे, घोषणा, रास्ता रोको डोळ्यांसमोर येतो. पण 13 एप्रिल 2021 ची संध्याकाळ आठवा. दुसऱ्या लाटेत राज्यात पुन्हा कडक निर्बंध लागले आणि मुख्यमंत्र्यांनी मदतीचं पॅकेज जाहीर केलं. बांधकाम कामगारांना 1500 रुपये, फेरीवाल्यांना 1500, घरकामगार महिलांना 1500, परवानाधारक रिक्षाचालकांना 1500. त्या घोषणेतला खरा शब्द ‘नोंदणीकृत’ हा होता. बांधकाम मंडळाकडे नाव असलेल्या गवंड्याच्या खात्यात पैसे आले. त्याच्याच हाताखाली घमेली वाहणाऱ्या बाईचं नाव मंडळात नव्हतं, तिला काही नाही. घरकामगारांसाठी राज्यात 2008 पासून कायदा आहे, पण सांगली जिल्ह्यातल्या आमच्या विटा गावात धुणीभांडी करणाऱ्या ज्या बायांना मी तेव्हा विचारलं, त्यांतल्या बहुतेकींनी मंडळाचं नावही ऐकलं नव्हतं. पंधराशे रुपये काही फार नव्हते. पण कोण कामगार आणि कोण नुसती गरीब बाई, ही रेघ त्या दिवशी सरकारनं ओढली आणि ती आधीच्या वर्षांतल्या आमच्या आळसावर ओढली गेली.

पोच म्हणजे काय, हे सांगलीला कुणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नाही. वि. स. पागे यांनी 1965 मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापुरात एक प्रयोग सुरू केला. मागेल त्याला काम द्यायचं. पुढं 1972 च्या दुष्काळात मोर्चे निघाले, खडी फोडणाऱ्या बाया रस्त्यावर उतरल्या आणि त्या रेट्यानं रोजगार हमी राज्यभर गेली. 26 जानेवारी 1979 पासून तिचा कायदा लागू झाला. या कायद्याचा जीव कुठं आहे? काम मागितल्याच्या तारखेत. अर्ज दिल्यापासून पंधरा दिवसांत काम दिलं नाही, तर बेकारी भत्ता द्यावा लागतो. आणि तारीख सिद्ध होते पोचेवरून. म्हणून तर पोच द्यायची टाळाटाळ होते. ‘बाई, ठेवून जा, बघतो’ हे वाक्य कचेरीत ज्यांनी ऐकलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. पोच दिली की घड्याळ सुरू होतं.

माझे वडील मुंबईत गिरणीत होते. जानेवारी 1982 मध्ये संप सुरू झाला आणि काही महिन्यांत खानापूर तालुक्यातल्या गावोगावी गिरणी कामगार परत आले. गावात दुष्काळ. ही माणसं युनियनमध्ये वाढलेली. ती रोजगार हमीच्या कामावर गेली तेव्हा त्यांनी मस्टर, म्हणजे हजेरीपट, बघायला मागितलं. माप बरोबर घेतलंय का, मजुरी कशी काढली, हा रस्ता कशाला, त्याऐवजी पाणी अडवायचं काम का नाही, असे प्रश्न सुरू झाले. त्यातूनच मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली, भारत पाटणकर आणि इतर कार्यकर्ते तिच्याशी जोडले गेले आणि पुढं येरळेवर बळीराजा धरण लोकांनी स्वतः बांधलं. हरलेल्या संपातून परत आलेली माणसं गावाला नवं भांडण शिकवून गेली.

2020 च्या मे महिन्यात पुन्हा मुंबईकर परत आले. पाटण, जावळी, माण, खटाव, खानापूर, आटपाडी, शिराळा. वाशीची बाजारपेठ 11 ते 17 मे बंद ठेवावी लागली होती, कारण तिथं माथाडी म्हणजे ओझी वाहणारे हमाल, व्यापारी, वाहतूकदार यांच्यात साथ पसरली होती. आणि तिथले माथाडी बरेचसे आमच्या सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांतले. शिवाय आमच्या खानापूर-आटपाडीकडची गलाई कामगारांची कुटुंबं, जी सोनं-चांदी गाळायच्या धंद्यावर देशभर पसरलेली आहेत, तीही मिळेल त्या वाहनानं यायला लागली. त्यांचं स्वागत कसं झालं? शाळेच्या खोल्यांत चौदा दिवस. ते ठीक, ते गरजेचं होतं. पण काही गावांत सख्ख्या भावानं घराचं दार उघडलं नाही. वेशीवर पहारे बसले. ज्या माणसाच्या मनिऑर्डरीवर गावच्या देवळाला कळस चढला, त्याला गावात घेऊ नये म्हणून बैठका झाल्या.

1982 मध्ये परत आलेला कामगार गावाला आपला वाटला आणि 2020 मध्ये परत आलेला रोगाची गाठोडी वाटला. भीती हे एक कारण आहेच आणि त्या भीतीला मी हसणार नाही. गावात व्हेंटिलेटर सोडा, साधा ऑक्सिजन नव्हता. पण दुसरंही कारण आहे. चार माणसांनी एकत्र बसून बोलायची जागाच बंद झाली होती. जमावबंदी होती, मोर्चा काढला तर गुन्हा होता. ग्रामसभा कित्येक महिने भरल्याच नाहीत. ऑगस्ट 2020 पासून मुदत संपलेल्या हजारो ग्रामपंचायतींवर प्रशासक बसले आणि निवडणुका झाल्या त्या जानेवारी 2021 मध्ये. सर्वांत जास्त विचारायची गरज होती, नेमक्या त्या काळात विचारायला कुणी समोर नव्हतं.

आणि ज्या कायद्याच्या जोरावर हे सगळं चाललं तो साथरोग कायदा 1897 चा. मुंबईत 1896 ला प्लेग आला, पुढच्या वर्षी इंग्रजांनी हा कायदा केला. कलमं अवघी चार. दुसऱ्या कलमात सरकारनं काय काय करावं याचा मोकळा अधिकार. तिसऱ्यात आदेश मोडणाऱ्याला शिक्षा. आणि चौथ्यात, या कायद्याखाली सद्भावनेनं केलेल्या कशाबद्दलही कुणावर दावा लावता येणार नाही, असं संरक्षण. सरकारनं रुग्णाला काय द्यायचं, हाताला काम नसलेल्याला काय द्यायचं, यावर एक अक्षर नाही. परक्या राजाला हे शोभत होतं. त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या बंदोबस्ताच्या नावाखाली घराघरांत घुसणारे सोजीर होते आणि त्याच वर्षी 10 मार्चला प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना संसर्ग होऊन सावित्रीबाई फुले गेल्या. सातारा जिल्ह्यातल्या नायगावात जन्मलेली ही बाई. एप्रिल 2020 मध्ये केंद्रानं या कायद्यात दुरुस्ती केली, आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्याला कडक शिक्षा आली, ती योग्यच होती. पण सरकारचं कर्तव्य काय, हा रकाना सव्वाशे वर्षांनंतरही कोराच राहिला.

तेव्हा एक युक्तिवाद सतत ऐकू यायचा आणि आजही येतो. घराला आग लागली असताना बादल्या कुणी भरल्या नाहीत याचा हिशेब मागत बसायचा का? सगळ्यांनी सरकारच्या पाठीशी उभं राहायचं, हिशेब नंतर. प्रामाणिक माणसंही हे म्हणत होती. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे ते असं, की त्या काळात कितीतरी अधिकारी आणि कर्मचारी जिवावर उदार होऊन राबले. मार्च 2020 च्या अखेरीस इस्लामपुरात एकापाठोपाठ वीसहून अधिक रुग्ण निघाले तेव्हा सगळ्या राज्याची नजर तिकडं लागली होती. तो भाग बंद करून, घराघरांत जाऊन तपासणी करून, संपर्कातली माणसं हुडकून साथ तिथंच रोखली गेली. पुढं ‘इस्लामपूर पॅटर्न’ म्हणून त्याचं कौतुक झालं आणि ते रास्त होतं.

पण तो पॅटर्न पायी चालवला कुणी? गावागावांत आरोग्याचं काम करत घरोघर फिरणाऱ्या आशा, परिचारिका, नगरपालिकेचे सफाई कामगार, शिक्षक, पोलीस. त्यांना मास्क मिळाले का, त्यांच्या घरच्यांची तपासणी झाली का, त्यांचा पगार वेळेवर झाला का, हे विचारणं म्हणजे आग विझवण्यात आडवं येणं कसं? उलट ते विचारलं नाही तर बादली भरणारा हातच गळून पडतो. हिशेब नंतर मागू म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, की तो ‘नंतर’ आला का? किती ठिकाणी हिशेब झाला?

आशाताईंचं थोडं सविस्तर बोलायला हवं. 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं, तेव्हापासून गावातली ही बाई सरकारी दप्तरात ‘स्वयंसेविका’ आहे. तिला मिळतं ते ‘मानधन’, तेही बरंचसं कामावर मोजून. भाषा बघा. सेविका म्हटलं की सेवा आली, सेवेला मोल कसलं? मानधन म्हटलं की मान आला, मग धनावर घासाघीस करणं बरं दिसत नाही. राज्यातल्या सुमारे 70 हजार बायकांच्या श्रमावर या दोन शब्दांनी पांघरूण घातलं गेलं. 15 सप्टेंबर 2020 पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली. घोषणेत जबाबदारी कुटुंबाची. प्रत्यक्षात तापमापक आणि ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरायची जबाबदारी आशाची. आमच्या भागातल्या एका आशाताईला लोकांनी अंगणातूनच हाकललं, ‘तूच रोग घेऊन फिरतेस’ म्हणून. तिच्या घरी सासू आजारी होती. रात्री ती गोठ्यात झोपायची. केंद्राचा कोविड प्रोत्साहन भत्ता होता महिन्याला 1000 रुपये. दिवसाला तेहतीस रुपये.

15 जून 2021 ला राज्यातल्या आशा आणि त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक संपावर गेल्या. त्या वेळी बाकी राज्य सावरत होतं, पण कोल्हापूर, सांगली, सातारा इथले आकडे खाली येत नव्हते. ऐन साथीत संप करता, लाज वाटत नाही का, असं बोलणारे भेटले. मला तर वाटतं त्या आठ दिवसांत या बायांनी जेवढं नागरिकशास्त्र शिकवलं तेवढं शाळेच्या पुस्तकांनी शिकवलं नाही. 23 जूनला तोडगा निघाला. 1000 रुपयांची वाढ आणि 500 रुपये कोविड भत्ता. मग मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांचा जागतिक सन्मान केला, ठिकठिकाणी हारतुरे झाले, सावित्रीच्या लेकी म्हणून भाषणं झाली. आणि पगाराचं? 2023 च्या दिवाळीच्या तोंडावर पुन्हा संप करावा लागला. आश्वासन मिळालं, संप मागे घेतला. पण शासन निर्णय निघेना. तोंडी शब्दाला पोच नसते. म्हणून जानेवारी 2024 मध्ये पुन्हा संप, थंडीत आझाद मैदानावर मुक्काम आणि मग मार्चमध्ये 5000 रुपयांची वाढ. कागदावर. एवढ्या साऱ्यानंतरही ती ‘कर्मचारी’ नाहीच, स्वयंसेविकाच. सावित्रीबाईंचं नाव घेऊन तिला हार घालणाऱ्यांनी आधी हा शब्द खोडावा.

कारखानदारांची बाजू मी टाळणार नाही. कुपवाडच्या एमआयडीसीत माझ्या एका मित्राचा लेथ मशिनचा छोटा कारखाना आहे. आठ माणसं. 29 मार्च 2020 ला केंद्रीय गृह मंत्रालयानं आदेश काढला की बंदच्या काळात मालकांनी कामगारांचा पूर्ण पगार द्यावा. मित्रानं एप्रिलचा पगार बायकोचे दागिने ठेवून दिला. 18 मेपासून तो आदेश मागे. सरकारनं स्वतः एक रुपया घातला नाही, ज्यांनी पगार दिले त्यांना काही मिळालं नाही आणि ज्यांनी दिले नाहीत त्यांचं काही झालं नाही. दोन्ही बाजूंना वाऱ्यावर सोडून एक आदेश आला आणि गेला. त्याचा जाब कुणाला विचारायचा? माझ्या मित्राला आणि त्याच्या आठ माणसांना एकत्र विचारता आला असता, पण त्यांना एकमेकांच्या समोर उभं केलं गेलं. काही राज्यांनी तर संधी साधून कामगार कायदेच गुंडाळायला घेतले. गुजरातनं 12 तासांची पाळी आणि जादा वेळेचा दुप्पट दर बंद, असा आदेश काढला होता. 1 ऑक्टोबर 2020 ला सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. तो रद्द झाला तो कामगार संघटनांच्या याचिकेमुळे. दिल्लीत कुणाला आपणहून पाझर फुटला नव्हता.

नोंदीचं म्हणाल तर महाराष्ट्राकडं एक नमुना पन्नास वर्षांहून जुना आहे आणि तो आमच्याच मातीतल्या माणसाच्या लढ्यातून आलेला. पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे अण्णासाहेब पाटील यांनी मुंबईत हमालांची संघटना बांधली आणि 1969 मध्ये माथाडी कायदा झाला. त्या कायद्याची खुबी अशी, की मंडळाकडं हमालाची नोंद होते आणि मालकाचीही. मजुरी मंडळात जमा होते, वर मालकानं भरायची लेव्ही जमा होते, त्यातून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजा, औषधपाणी. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती वाहणारा हमाल रोज वेगळ्या अडत्याकडं राबला तरी तो कुणाचा, हा प्रश्न उरत नाही. याउलट ऑगस्ट 2021 मध्ये सुरू झालेलं ई-श्रम कार्ड घ्या. कोट्यवधी कार्डं निघाली. पण त्यात फक्त मजुराची नोंद आहे. त्याला राबवून कोण घेतं, हा रकाना मोकळा. ऊसतोड मजुराच्या बाबतीत तर हा रकाना मुद्दाम मोकळा ठेवला गेला आहे. कारखाना म्हणतो मुकादमाला विचारा, मुकादम म्हणतो मीही उचल घेतलेला माणूस. त्यांच्या कल्याणासाठी महामंडळ आलं, टनामागं कारखान्याकडून 10 रुपये आणि सरकारकडून 10 रुपये घ्यायचं ठरलं. 2020 च्या हंगामाआधी साथीतसुद्धा संप करून त्यांनी तोडणीदरात 14 टक्के वाढ मिळवली. पण मालक कोण, याचं उत्तर अजून लेखी नाही. ते मिळेपर्यंत महामंडळाचा पैसा नावं शोधत फिरत राहील.

14 सप्टेंबर 2020 ला केंद्र सरकारनं लोकसभेत सांगितलं, की टाळेबंदीत घरी परतताना किती स्थलांतरित मजूर मेले याची माहिती ठेवलेली नाही. त्याच वर्षी 8 मे रोजी औरंगाबादजवळ रुळांवर झोपलेले 16 मजूर मालगाडीखाली गेले होते; रुळांवर पडलेल्या भाकऱ्यांचे फोटो सगळ्या देशानं पाहिले होते. 20 जुलै 2021 ला राज्यसभेत उत्तर आलं, की ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याची नोंद राज्यांनी कळवलेली नाही. या दोन उत्तरांनी मी जितका हादरलो तितका साथीनंही हादरलो नव्हतो. जे लिहिलंच नाही ते घडलं नाही, असं सरकार म्हणू शकतं, हे तेव्हा कळलं.

मग लोकांनीच लिहायला घेतलं. जन आरोग्य अभियानाच्या कार्यकर्त्यांनी खासगी दवाखान्यांची बिलं गोळा केली. मे 2020 मध्येच राज्य सरकारनं दर ठरवून दिले होते, साध्या वॉर्डला दिवसाला 4000, अतिदक्षता विभागाला 7500, व्हेंटिलेटरसह 9000. बिल हातात असेल तर जास्तीची रक्कम समोर मांडता येत होती; ज्यांना कच्च्या चिठ्ठीवर पैसे भरायला लावले ते अडकले. कोरोना एकल महिला पुनर्वसन समितीनं तालुक्या-तालुक्यांत विधवांच्या याद्या केल्या आणि ऑगस्ट 2021 मध्ये सरकारला ‘मिशन वात्सल्य’ सुरू करावं लागलं. सर्वोच्च न्यायालयाच्या 30 जून 2021 च्या निकालानंतर मृतांच्या वारसांना 50 हजारांचं सानुग्रह अनुदान ठरलं, तेव्हा आम्ही चार-पाच जणांनी वाचनालयात बसून अर्ज भरायला सुरुवात केली. तिथं एक यंत्रमाग कामगाराची बायको आली होती. नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यात साथीचं नाव नाही, तपासणीचा अहवाल दवाखान्यानं दिलेला नाही. तिनं मात्र एक गोष्ट जपून ठेवली होती, तपासणीच्या दिवशी मोबाईलवर आलेला मेसेज. तपासणीनंतर तीस दिवसांच्या आत मृत्यू असेल तर तो धरायचा, असा नियम होता. त्या मेसेजवर तिचा अर्ज उभा राहिला. पण यंत्रमागाच्या मालकाकडून काही मिळावं म्हणून गेलो, तर तिचा नवरा तिथं कामाला होता याचा एकही कागद निघाला नाही. अकरा वर्षं तो त्या मागांवर उभा होता.

इथं मला माझ्याच म्हणण्याला एक लगाम घालावा लागतो. यादी ही नेहमी बिचाऱ्याच्या भल्याची नसते. सांगलीतल्या संग्राम संस्थेनं आणि वेश्या अन्याय मुक्ती परिषदेनं हे आम्हाला फार आधी शिकवलं आहे. देहविक्रय करणाऱ्या बायकांची नावं आजवर ज्या वह्यांत चढली त्या बहुतेक पोलिसांच्या वह्या. टाळेबंदीत त्यांचा धंदा पहिल्या दिवशी बंद झाला आणि रेशनसाठी ओळखपत्र मागितलं गेलं, जे अनेकींकडं नव्हतं. 29 सप्टेंबर 2020 ला सर्वोच्च न्यायालयानं ओळखपत्राचा आग्रह न धरता त्यांना शिधा द्या आणि त्यांची नावं गुप्त ठेवा, असा आदेश दिला. महाराष्ट्रानं पुढं तीन महिने दरमहा 5000 रुपये दिले. म्हणजे माणसं ओळखायची, पण त्यांच्या हाती बेडी म्हणून ती ओळख वापरायची नाही. हे जमलं कारण या बायकांची स्वतःची संघटना होती. वही कुणाच्या ताब्यात आहे, यावर सगळं आहे. मुकादमाच्या वहीत ऊसतोड मजुराचं नाव आजही असतंच, उचलीच्या आकड्यासमोर. त्या वहीनं त्याला बांधून ठेवलंय. मला हवी आहे ती वही मजुराला उघडून बघता येईल अशी, ग्रामपंचायतीत.

आमच्याकडच्या राजकीय कार्यकर्त्यांना, सगळ्याच पक्षांच्या, एक सवय लागली आहे. तहसीलदारांना निवेदन द्यायचं, देताना फोटो काढायचा, दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी. त्या निवेदनाचं पुढं काय झालं हे विचारायला कुणी जात नाही. हा तोच मुलूख आहे, जिथं 1942 च्या सप्टेंबरमध्ये तासगाव, वडूज, इस्लामपूरच्या कचेऱ्यांवर मोर्चे गेले, वडूजला आणि इस्लामपूरला गोळ्या झेलल्या, आणि मग क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारनं गावोगाव न्यायनिवाडा चालवला. सरकार चालवून पाहिलेल्या लोकांच्या नातवंडांनी कचेरीत फोटोपुरतं जावं, हे मला सहन होत नाही. निवेदनावर आवक क्रमांक घ्यावा, तीस दिवसांनी माहितीच्या अधिकारात विचारावं, ग्रामसभेच्या इतिवृत्तात प्रश्न उत्तरासह लिहून घ्यावा. साथ असो, पूर असो, ग्रामसभा बंद ठेवायची नाही, मोकळ्या मैदानात अंतर ठेवून भरवायची, असा नियमच करून घ्यावा. साथरोगाचा कायदा नव्यानं लिहिला जाईल तेव्हा त्यात सरकारच्या कर्तव्यांचं कलम असावं, ही मागणी आतापासून आमदार-खासदारांच्या दारात न्यावी.

यंदा दसऱ्यानंतर टोळ्या आल्या तेव्हा आम्ही आमच्या ग्रामपंचायतीकडं एक अर्ज दिला. गावाच्या शिवारात उतरलेल्या प्रत्येक टोळीची, त्यातल्या बायका-पुरुषांची आणि लेकरांची नावानिशी नोंद करावी, समोर कारखान्याचं नाव लिहावं आणि ते रजिस्टर गावच्या आशाताईंना आणि अंगणवाडीला बघायला मोकळं ठेवावं. ग्रामसेवकांनी आधी ‘ठेवून जा’ म्हटलं. आम्ही बसून राहिलो. दुपारी दोनच्या सुमारास शिक्का बसला. दोनशे सतरा क्रमांक, खाली तारीख आणि सही.